वारा कोणत्या गालावर?

गेल्या महिन्यातला एक रविवार. तिन्हीसांजा झाल्या होत्या. आमचा नातू दारातून आत आला तो तोंड एवढेसे करून. अंगावर बालवीराचा गणवेश, गळपट्टी पाठीकडे फिरलेली, बुटांना चिखल. एरवी फेरीहून आला की घर डोक्यावर घेणारा हा गडी त्या दिवशी मुकाट्याने हातपाय धुवायला निघून गेला.

"काय रे, कशी झाली फेरी?" सूनबाईंनी विचारले.

"काही नाही. आम्ही पोचलोच नाही. परत फिरलो."

हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून डोंगराच्या धारेने तिसऱ्या टेकडीपर्यंत जायचे, तिथे दगडांच्या राशीत ठेवलेल्या चिठ्ठीवरचा शब्द टिपून आणायचा, अशी कामगिरी होती. दोन संघ होते. प्रत्येक संघामागे शंभर पावलांवर एकेक मोठा माणूस, पण वाट मुलांनीच शोधायची. आमचा नातू वयाने तेरा वर्षांचा, जूनपासून संघनायक झालेला. दुसऱ्या टेकडीवर ढग खाली उतरला आणि पुढचे काही दिसेना. याने संघाला वीस मिनिटे बसवून ठेवले. ढग हटेना, तेव्हा सगळ्यांना घेऊन हा आल्या वाटेने परत फिरला. दुसरा संघ मात्र तसाच पुढे गेला, शब्द घेऊन आला आणि टाळ्या घेऊन गेला.

"अरे, मग नायक कसला तू!" आमचे चिरंजीव हसत म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हते, थट्टेची सवय आहे एवढेच.

"मी म्हणत होते ना, मोबाईल द्या म्हणून," सूनबाई म्हणाल्या. पथकात मोबाईल फक्त सरांजवळ असतो, मुलांजवळ नाही. हा नियम त्यांना पहिल्यापासून पसंत नाही. "त्यात बघितलं असतं की झालं. नाहीतर काय, ढगात पोरं! माझा तर जीव दिवसभर टांगणीला लागलेला असतो."

नातू काही बोलला नाही. पण त्याचे डोळे भरून आलेले मी पाहिले आणि मला राहवेना.

या सदरातून गेली कित्येक वर्षे मी वाचकांशी घरगुती गप्पा मारत आलो आहे. फजितीच्या गोष्टीही पुष्कळ सांगितल्या आहेत. पण एक गोष्ट मी साठ वर्षांहून अधिक काळ पोटात ठेवली होती. आमच्या सौभाग्यवतींनासुद्धा ती ठाऊक नव्हती. त्या संध्याकाळी ती घरात सांगून टाकली. आता घरात सांगितलीच आहे, तर वाचकांपासून तरी कशाला लपवू?

ही हकीकत १९६३ सालच्या सप्टेंबर महिन्यातली. मी पंधरा वर्षांचा होतो आणि पुण्यातल्या आमच्या शाळेच्या बालवीर पथकात संघनायक होतो. आम्ही सात जण. सगळ्यांत लहान होता तो अकरा वर्षांचा, अंगाने काडी, डोळ्यांवर चष्मा. त्याला आम्ही टिल्लू म्हणत असू. आमची कामगिरी नातवाच्याच डोंगरावरची, पण पल्ला लांबचा. बोगद्यापासून धार धरायची ती थेट सिंहगडापर्यंत. मैलांच्या भाषेत आठ-दहा मैल. सर दुसऱ्या संघाला घेऊन गडावर आमची वाट पाहणार होते. आज गडावर दूरदर्शनचा मनोरा आहे, रात्री त्याचा दिवा दुरून दिसतो. तेव्हा ती सोय नव्हती.

सरांनी हाताने काढलेला एक नकाशा दिला होता आणि खाली चारच ओळी लिहिल्या होत्या. तोंड पश्चिमेला. उजव्या हाताला पुणे आणि खडकवासला, डाव्या हाताला शिवगंगेचे खोरे. धार सोडून उतरायचे नाही. शंका आली की थांबा, आणि जी जागा नक्की ठाऊक होती तिथे परत या.

शाळेचे पितळी होकायंत्र माझ्या खिशात होते. परीक्षेत दिशांच्या प्रश्नांना मला दहापैकी नऊ गुण पडले होते, त्यामुळे नकाशावरच्या त्या चार ओळी मी एकदा वाचल्या आणि घडी करून ठेवून दिल्या.

सकाळी एस.टी.ने बोगद्यापाशी उतरलो. पहिल्या पाच-सहा टेकड्या गाणी म्हणत झाल्या. गवत कमरेइतके, ओले. दुपारी बाराच्या सुमारास समोरून ढग आला आणि पाहता पाहता वीस हातांपलीकडचे दिसेनासे झाले. तरी धार पायाखाली होती, म्हणून आम्ही चालत राहिलो. दीडच्या सुमारास एक ठिकाण असे आले की धारेला दोन फाटे फुटले. एक उजवीकडे, एक डावीकडे. दोन्हीकडे ढोरवाटा गेलेल्या.

मी होकायंत्र काढले. हात थंडीने कापत होता आणि सुई काही स्थिर होईना. तेव्हा मी औषधांचा पत्र्याचा डबा गवतावर ठेवला आणि त्याच्या झाकणावर होकायंत्र आडवे मांडले. सुई एकदम शहाण्यासारखी उभी राहिली. तिच्या हिशेबाने पश्चिम डावीकडे होती. मी डावा फाटा धरला.

शंभर-दीडशे पावले गेलो असू. मागून टिल्लूचा आवाज आला.

"नायक, सकाळपासून वारा तोंडावर येत होता. आता तो उजव्या गालावर का लागतोय?"

वाचकहो, किती साधा प्रश्न! त्या महिन्यात आपल्याकडे वारा बहुधा पश्चिमेचा असतो. पश्चिमेकडे चालणाऱ्याला तो तोंडावर लागणार. तो उजव्या गालावर आला म्हणजे आपले तोंड दक्षिणेला वळले. अकरा वर्षांच्या पोराला ते कळत नव्हते, पण काहीतरी बदलले आहे हे जाणवले होते. मी काय केले असेल? मी म्हणालो, "होकायंत्र खोटं बोलतं की तुझा गाल? चल मुकाट्यानं." बाकीचे हसले. टिल्लू गप्प झाला, आणि पुढे दिवसभर त्याने कशाहीबद्दल तोंड उघडले नाही.

अडीच वाजता मला कळून चुकले की आपण चुकलो. धार उतरते, पुन्हा चढते. ही वाट नुसती उतरतच चालली होती. म्हणजे ही धार नव्हेच, डोंगराची एक सोंड होती. तिथून मागे फिरलो असतो तर तासाभरात फाट्यावर पोचलो असतो. पण मागे फिरायचे म्हणजे सहा जणांपुढे कबूल करायचे, टिल्लूपुढे कबूल करायचे! मी म्हणालो, "बस, आता चढ येईलच." तीन वाजता पुन्हा तेच म्हणालो. चार वाजताही म्हणालो. पुढे वाट संपली, कारवी आणि निसरडे दगड लागले. पाचच्या सुमारास एका घळीत आमच्यातल्या एकाचा पाय मुरगळला. तो चालेनासा झाला. साडेसहाला अंधार पडला.

एका मोठ्या दगडाच्या आडोशाला आम्ही सात जण अंग आकसून बसलो. एक बॅटरी, तिचा उजेड पिवळा पडलेला. काड्यापेटी भिजलेली. प्रथम गाणी झाली, मग रामरक्षा झाली, मग सगळे गप्प झाले. नऊच्या पुढे ढग थोडा फाटला आणि खाली खोल दोन दिवे दिसले. मला धीर आला. मी म्हणालो, "ते डोणजे! आपण खडकवासल्याच्या अंगाला उतरलोय. दोघांनी बॅटरी घेऊन खाली जायचं आणि माणसं आणायची." दोघे उठलेसुद्धा.

तेवढ्यात टिल्लू पहिल्यांदा बोलला. हळूच, माझ्याकडे न पाहता. "पण शर्मिष्ठा डोंगराच्या डोक्यावर आहे."

मी वर पाहिले. आमच्या पाठीशी असलेल्या डोंगराच्या माथ्यावर, जरा उजवीकडे, ढगाच्या भोकातून पाच तारे दिसत होते. तीच शर्मिष्ठा. सरांनी शाळेच्या गच्चीवर दाखवलेली. ती उत्तरेकडची. तिच्या मधल्या टोकाच्या रोखाने गेले की ध्रुव. तो डोंगराआड होता, पण शंकेला जागा नव्हती. डोंगर आमच्या उत्तरेला होता. म्हणजे आम्ही डोंगराच्या दक्षिणेला, शिवापूरच्या बाजूला होतो. ते दिवे डोणज्याचे असणे शक्य नव्हते, आणि माझ्या डोक्यात जो उतार होता तो इथे नव्हताच.

"बसा," मी म्हणालो. त्या दिवसातला माझा तो पहिला खरा शब्द. मग आम्ही आळीपाळीने शिट्ट्या वाजवू लागलो. तीन शिट्ट्या, थांबायचे, पुन्हा तीन. किती वेळ गेला कोण जाणे. खालच्या दोन दिव्यांपैकी एक हलू लागला. मग आवाज आला, "कोन हाय रं तिकडं?" आम्ही सगळे एकदम ओरडलो. आवाज म्हणाला, "पोरांहो, जागचं हलू नका! खाली कडा हाय. म्या वरल्या अंगानं येतो."

सकाळी उजेडात मी तो कडा पाहिला. आम्ही बसलो होतो तिथून पंचवीस-तीस हातांवर डोंगर एकदम तुटला होता. ते दोघे बॅटरी घेऊन त्याच दिशेने निघणार होते.

त्या शेतकरी मामांनी पाय दुखावलेल्या मुलाला पाठुंगळीला घेतले, आम्हांला झोपडीत नेले, भाकरी आणि लसणाची चटणी खाऊ घातली. इकडे सर रात्रभर कंदील घेऊन धारेवर हाका मारत हिंडत होते. पुण्यात सात घरांमध्ये कोणी झोपले नव्हते. टिल्लूची आई पहाटेपर्यंत उंबऱ्यावर बसून होती, हे मला पुढे कळले. दुसऱ्या दिवशी ज्याने त्याने विचारले तेव्हा टिल्लूने एकच उत्तर दिले: "ढग फार होता हो." वाऱ्याबद्दल तो कोणाला अवाक्षर बोलला नाही.

तीन-चार दिवसांनी सरांनी मला एकट्याला बोलावले. "वाट कधी चुकली?" त्यांनी विचारले.

"अंधार पडल्यावर, सर."

सर काही बोलले नाहीत. त्यांनी औषधांचा तो पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला, होकायंत्र आधी टेबलावर मांडले, मग डब्यावर. सुई गर्रकन फिरली. माझे कान तापले. "आता पुन्हा सांग. कधी चुकली?"

"दीड वाजता, सर."

"आणि तुला कधी कळलं?"

"अडीच वाजता."

"वाट कोणाचीही चुकते रे," सर म्हणाले. "माझीही चुकली आहे. पण अडीचपासून अंधार पडेपर्यंत तू काय करत होतास?"

त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

ही हकीकत सांगून झाली तेव्हा घरात कोणी काही बोलले नाही. मग चिरंजीव उठले, नातवाच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "बरं केलंस बाबा, फिरलास ते." तेवढे पुरे झाले. त्या दिवसापासून आमच्या घरात रविवारी या विषयाची शाळाच भरू लागली आहे. गंमत अशी, की सर्वांत पुढच्या बाकावर सूनबाई असतात! दिवाळीच्या सुट्टीत आता पुष्कळ घरांतली मुले टेकड्या चढतील. तेव्हा त्या शाळेतले काही धडे इथे देतो. मुलांनी वाचावेत आणि आईवडिलांनीही.

पहिला धडा निघण्यापूर्वीचा. कोठे जाणार, कोणत्या वाटेने, किती जण, केव्हा परतणार, हे कागदावर लिहून घरी ठेवायचे. वेळ काढताना नुसते अंतर पाहू नये, चढही पाहावा. स्कॉटलंडच्या नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा हिशेब सांगितला. आजच्या मापांत तो असा: सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आता आतकरवाडीहून सिंहगड घ्या. अंतर ३ किलोमीटरच्या आतले. घरी बसून वाटते, अर्ध्या तासाचे काम! पण चढ ६०० मीटरच्या घरात आहे. म्हणजे दीड तास झाला. बरोबर मुले असली तर दोन-सव्वादोन धरा. आणि निघतानाच ठरवा, इतके वाजले की जिथे असू तिथून परत.

दुसरा धडा नकाशाचा, आणि त्याची शाळा आपल्या अंगणातच असते. गेल्या दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यावर मी नातवाला तो दिला. मावळे मांडण्यापूर्वी आम्ही किल्ल्याभोवती चार-चार बोटांच्या उंचीवर सुतळीची वेढी बसवली आणि मग खुर्चीवर चढून वरून खाली पाहिले. नकाशावरच्या समोच्चरेषा म्हणजे हीच सुतळी. भारतीय सर्वेक्षण विभाग ही आपली फार जुनी संस्था, १७६७ सालची. तिच्या पन्नास हजारांत एक या प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर, आणि या रेषा बहुधा दर २० मीटर उंचीला काढलेल्या असतात. रेषा दाटीने आल्या तिथे कडा, लांब लांब गेल्या तिथे सपाटी. रेषांचे नाक उताराकडे निघाले असेल तर ती डोंगराची सोंड, आणि चढाकडे आत शिरले असेल तर ती घळ. एवढे मला १९६३ साली नीट कळले असते, तर सोंडेला धार समजून मी उतरलो नसतो.

तिसरा धडा होकायंत्राचा. ते तळहातावर आडवे, छातीसमोर धरायचे. पत्र्याचा डबा, चाकू, किल्ल्यांचा जुडगा, मोटार, विजेची तार यांच्यापासून लांब. आजच्या काळात या यादीत मोबाईलही घातला पाहिजे, कारण त्याच्या पोटात लोहचुंबक असते. सुई किती हळवी असते त्याची एक गोष्ट सांगतो. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पूर्वी पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे घेत. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांचा उपद्रव होईल म्हणून ते काम १९०४ साली अलिबागला हलवावे लागले. मोठ्या वेधशाळेला जिथे शहर सोडावे लागले, तिथे आमच्या पितळी डबीची काय कथा!

चौथा धडा सूर्याचा. इंग्रजी पुस्तकांतून घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे धरून दक्षिण काढण्याची युक्ती दिलेली असते. ती तिकडच्या आभाळासाठी ठीक आहे. आपल्याकडे सूर्य फार उंचावरून जातो, आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर पुण्यात भर दुपारी तो डोक्याच्या उत्तरेलाच असतो. मग त्या युक्तीने हमखास फजिती. त्यापेक्षा हातभर काठी सपाट जागी उभी रोवा. सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवा. वीस मिनिटे चणे-फुटाणे खा. मग सावलीच्या नव्या टोकाशी दुसरा खडा ठेवा. पहिला खडा पश्चिमेचा, दुसरा पूर्वेचा. डावा पाय पहिल्यापाशी, उजवा दुसऱ्यापाशी ठेवून उभे राहा, तोंड साधारण उत्तरेला होईल. आणखी एक मौज: आपले घड्याळ चालते ते ८२½ अंश रेखांशाच्या वेळेने, आणि पुणे त्याच्या पुष्कळ पश्चिमेला. म्हणून दिवाळीच्या सुमारास पुण्याची खरी दुपार सव्वाबारा उलटल्यावर होते. त्या क्षणी काठीची सावली अगदी आखूड आणि नीट उत्तरेकडे पडते. गच्चीवर हा खेळ करून पाहण्यासारखा आहे.

पाचवा धडा रात्रीचा. ध्रुव म्हटला की सगळे सप्तर्षी शोधतात. पण दिवाळीत संध्याकाळी सप्तर्षी आपल्याकडे क्षितिजाखाली असतात. तेव्हा उपयोगी पडते ती शर्मिष्ठा. फराळ आटोपून रात्री नऊ-दहाला उत्तरेकडे तोंड करा. पाच ताऱ्यांची, इंग्रजी एम अक्षरासारखी थोडी कललेली आकृती दिसेल. तिच्या मधल्या टोकाच्या रोखाने खाली, हात लांब करून धरलेल्या साधारण तीन मुठींवर ध्रुव. तो काही फार तेजस्वी नाही, त्यामुळे नवख्याला चुकल्यासारखे वाटते. ताळा असा पाहावा: आपण जितक्या अक्षांशावर, तितकाच ध्रुव क्षितिजाच्या वर. पुणे साडेअठरा अंशांवर, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींच्या किंचित आत.

आणि सहावा धडा, चुकल्यावरचा. थांबा. खाली बसा. पाणी प्या. सगळे आहेत ना, मोजा. आपण शेवटचे नक्की कोठे होतो ते आठवा. उजेड असेल, वाट ओळखीची असेल, तर तिथपर्यंतच परत जा. नसेल तर जागा सोडू नका, शिट्टी वाजवा. ओढ्याच्या कडेने उतरले की गाव लागते असे पुष्कळ जण सांगतात. सह्याद्रीत ओढ्याच्या वाटेवर गावाआधी कडा लागतो. आणि संघातल्या सगळ्यांत लहान मुलाला मुद्दाम विचारा, "तुला काय वाटतं?" त्याच्या हातात नकाशा नसतो, म्हणून तो आजूबाजूला पाहत असतो.

सूनबाईंच्या मोबाईलचे काय, असे तुम्ही विचाराल. तो जवळ असावा, मोठ्या माणसाजवळ, पिशवीच्या तळाशी, पुरता भरलेला. डोंगरात संपर्क नसला तरी उपग्रहांवरून जागा कळते, मात्र नकाशा घरीच उतरवून घेतलेला हवा. पण तुम्ही कोठे आहात एवढेच तो सांगतो. आता परत फिरा, असे तो सांगत नाही. ते तोंडाने म्हणायला माणूसच लागतो, आणि मला ते १९६३ साली म्हणता आले नाही.

बालवीर चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर वीस-बावीस मुलांची पहिली छावणी भरवली. वाटेवर खुणा ठेवण्याचा खेळ बालवीर तेव्हापासून खेळत आले आहेत. बाण म्हणजे इकडे या, फुली म्हणजे इकडे नको, आणि वर्तुळात एक ठिपका म्हणजे मी घरी गेलो. बेडन-पॉवेल १९४१ साली वारले. केनियात न्येरी येथे त्यांच्या समाधीच्या दगडावर तीच शेवटची खूण कोरलेली आहे. मला ती फार आवडते. सगळ्या फेरीचा हिशेब शेवटी त्या ठिपक्यात येतो. माथा गाठला की नाही हे मागाहून, आधी सगळे घरी आले का?

म्हणून आईवडिलांना माझी एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी फेरीहून आली आणि म्हणाली, "आम्ही पोचलो नाही, परत फिरलो," तर हसू नका. त्या दिवशी घरात लोक हसले, तर पुढच्या वेळी ते मूल अडीच वाजता गप्प बसेल.

टिल्लू आता पंचाहत्तरीकडे झुकला आहे आणि मुलाकडे नागपूरला असतो. गेली पुष्कळ वर्षे पाडव्याच्या सकाळी त्याचा फोन येतो. मी 'हॅलो' म्हणण्यापूर्वी तो विचारतो, "नायक, वारा कोणत्या गालावर?" मी म्हणतो, "समोरून, बाबा, समोरून," आणि मग आम्ही चकल्या-करंज्यांच्या गोष्टी करतो. सरांच्या खोलीत झालेले बोलणे मात्र मी त्याला कधी सांगितले नव्हते, आणि क्षमाही मागितली नव्हती. यंदा पाडव्याला त्याचा फोन आला की आधी मी बोलणार आहे. क्षमा मागणार आहे, आणि मग त्याला सांगणार आहे, की आमच्या घरात एक संघनायक निघाला आहे. त्याच डोंगरावर, तसल्याच ढगात, तो वेळेवर परत फिरला.